नाव खोडायचं नाही

कन्हेरी फाट्यावर बस थांबली, दार उघडलं, आणि बाई चढल्या नाहीत.

सात वर्षं मी त्या बसनं जात होतो. सांगवीहून मोटरसायकलवर बारामतीला यायचं, गाडी स्टँडवर लावायची आणि सकाळची इंदापूर बस धरायची. डावीकडची एक जागा मी रुमाल टाकून अडवून ठेवायचो. कन्हेरीच्या फाट्यावर लोंढेबाई चढायच्या, रुमाल माझ्या हातात द्यायच्या आणि बसता बसता विचारायच्या, "गावडे सर, आज कोण येणार नाही?" आज कोण येणार, असं त्यांनी कधी विचारलं नाही. त्या दिवशी, ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात, फाट्यावर त्यांच्या जागी त्यांचे थोरले भाऊ अण्णा उभे होते. अंगात बंडी, पायात चपला नाहीत, हातात कापडी पिशवी. कंडक्टरनं वाकून विचारलं, "आज बाई न्हाईत का?" अण्णा त्याच्याकडं न बघता सरळ माझ्या खिडकीखाली आले. "सर, कौसल्या गेली," ते म्हणाले. मी विचारलं, "कुठं?"

खरंच विचारलं मी. कुठं गेल्या म्हणून. बारामतीला, पुण्याला, कुठल्या मीटिंगला… अण्णा माझ्याकडं बघत राहिले. मग म्हणाले, "पहाटं छातीत कळ आली. पाणी दे म्हनली. मी तांब्या घिऊन येस्तवर न्हवती." एवढं बोलून त्यांनी पिशवी खिडकीतून आत दिली. "ह्ये दहावीचे पेपर. काल तपासून संपवले तिनं. आज वाटायचे हायेत म्हनली हुती." मी उतरायला हवं होतं. कुणीही उतरलं असतं. मी पिशवी मांडीवर घेऊन बसून राहिलो आणि कंडक्टरनं घंटी दिली. बस निघाली तेव्हा शेजारच्या जागेवर माझा रुमाल तसाच होता. तिथं एक म्हातारे गृहस्थ बसायला आले, तर मी त्यांना सांगितलं की इथं बाई येणार आहेत.

आमची शाळा शेळगावच्या पुढं, कॅनॉलच्या कडेला. गावाचं आणि संस्थेचं नाव लिहीत नाही, कारण पुढं जे सांगायचं आहे त्यात लाज माझी आहे, ती गावाच्या माथी नको. प्रार्थनेच्या वेळी मी सांगितलं. काय शब्द वापरले ते आठवत नाही. शाळा सोडली. मुलं निघाली, पण 'दहावी ब' वर्गात जाऊन बसली. मी दारातून म्हणालो, "घरी जा, बाळांनो." एक मुलगी उठून म्हणाली, "सर, बाईंनी पेपर दिलेत का?" तेव्हा मला पिशवी आठवली. इंग्रजीचे एकेचाळीस पेपर होते. मी नावं पुकारून वाटायला लागलो. बाई नुसते गुण देत नसत, खाली एक ओळ लिहीत. 'मागच्या वेळी चार होते, आता अकरा आहेत.' 'स्पेलिंग चुकलंय, पण वाक्य तुझं आहे, शाब्बास.' शेवटच्या रांगेतल्या एका मुलानं पेपर वाचला आणि तो माझ्याकडं घेऊन आला. खाली लाल शाईत लिहिलं होतं, 'उद्या मधल्या सुट्टीत मला भेट.' त्यानं विचारलं, "मग मी आता काय करू, सर?"

मी शिक्षक आहे, उत्तर देणं हे माझं काम. मला उत्तर देता आलं नाही. आज पाच आठवडे झाले, अजूनही सुचलेलं नाही. दुपारी कन्हेरीला गेलो, सगळं झालं, माणसं पांगली, तरी माझ्या डोक्यात तेवढंच… उद्या मधल्या सुट्टीत.

मी एक्याण्णव साली या शाळेत लागलो. गणिताची पदवी, डोक्यात वारं. मुख्याध्यापक बाई आहेत म्हटल्यावर थोडी नाराजीच होती. बुटक्या, सावळ्या, कॉटनची साडी, पायात बाटाची सपाट चप्पल. आवाज इतका हळू की वर्गाला गप्प बसावंच लागे. त्यांनी लग्न केलं नव्हतं, कन्हेरीत भावाच्या घरी राहत. घराला तीन एकर शेती. आईवडिलांनी छप्पन्न सालानंतर दीक्षा घेतलेली, आणि 'शिका' हा शब्द त्या घरात भाकरीच्या आधी वाढला जाई, असं त्या एकदा हसत म्हणाल्या होत्या. पहिल्याच आठवड्यात वेळापत्रक करायला आम्ही बसलो. मी म्हणालो, "बाई, तुम्ही इंग्रजी 'अ' तुकडीला घ्या. हुशार मुलं आहेत, बोर्डात येतील." त्यांनी 'दहावी ब'समोर स्वतःचं नाव लिहिलं. "हुशार मुलं कुणीही शिकवेल," त्या म्हणाल्या, "तुम्हीसुद्धा." मला ते लागलं. आता लिहिताना हसू येतंय.

त्यांचा एक नियम होता. तो त्यांनी कुठं फळ्यावर लिहिला नव्हता, पण शिपायापासून सगळ्यांना पाठ होता. जे नाव आपण आपल्या हातानं दाखल करून घेतलं, ते आपल्या हातानं खोडायचं नाही. मूल महिना महिना गैरहजर राहिलं, तीनदा नापास झालं, शिक्षकांशी उद्धट बोललं, तरी नाही. आई-बाप गाव सोडून गेले तर गोष्ट वेगळी. आम्ही शिक्षक वैतागायचो. वर्गात पन्नास पोरं, त्यात दहा कधीच न येणारी, आणि या बाई शाळा सुटल्यावर त्या दहांच्या वस्त्यांवर चालत जाणार. शिक्षकांच्या खोलीत आम्ही त्यांची नक्कल करायचो. मीच जास्त करायचो.

चौऱ्याण्णवच्या सुमाराला तालुक्याच्या गावी एका शाळेचा दहावीचा निकाल शंभर टक्के लागला. पेपरात फोटो आले, गुलाल उधळला गेला. आमच्याकडची चांगल्या घरची मुलं दाखले मागायला लागली. आमच्या संस्थेचे अध्यक्ष आबा, मोठे ऊसबागायतदार, मनाचे वाईट नव्हते. शाळेला जमीन त्यांनीच दिलेली. ते मला एकदा बाजूला घेऊन म्हणाले, "सर, त्यांचा शंभर कसा लागतोय, ठाव हाय का? कच्ची पोरं ते मोजतच न्हाईत. सतरा नंबरचा फारम भरून भाईर काढत्यात. तुमी हिशेबातलं मानूस, बगा काय ते." सतरा नंबरचा फॉर्म म्हणजे शाळेतून नाव काढून बाहेरून, खाजगी विद्यार्थी म्हणून परीक्षेला बसणं. मूल नापास झालं तरी शाळेच्या निकालात ते दिसत नाही. मला ते फार हुशारीचं वाटलं. कुणाचं काय जाणार होतं? परीक्षा तर देणारच होती पोरं.

बाई आठ दिवस पुण्याला प्रशिक्षणासाठी गेल्या तेव्हा मी यादी केली. नऊ नावं, सगळी 'ब' मधली. आबांच्या जीपमधून घरोघरी गेलो आणि दाखल्याच्या अर्जांवर पालकांच्या सह्या घेतल्या. छाया नावाची मुलगी होती, वडील नव्हते, आई रोजानं खुरपायला जायची. छायाची आई म्हणाली, "सर, मला वाचाया येत न्हाय. काय हाय ह्ये?" मी म्हणालो, "काही नाही, परीक्षेचाच फॉर्म. जरा वेगळा आहे." तिनं अंगठा दिला. वर मला चहा पाजला. दुसऱ्या दिवशी जनरल रजिस्टरमध्ये नऊ नावांवर मी लाल रेघ मारली. पट्टी लावून, सरळ.

बाई परत आल्या त्या दिवशी त्यांनी रजिस्टर उघडलं. मला बोलावलं. मी तयारीनं गेलो होतो. शाळेचं नाव, घसरणारी पटसंख्या, तुकडी बंद पडली तर दोन शिक्षकांच्या नोकऱ्या… त्या ऐकत होत्या. मग एवढंच म्हणाल्या, "ही मुलं आपली होती, सर." मला राग आला. मी जे बोललो ते शब्द मी आज छापायला देतोय, कारण दुसरी शिक्षा मला सुचत नाही. मी म्हणालो, "बाई, तुमचा नंबर जन्मभर पहिला आला. ढ पोरांची दया तुम्हाला परवडते. शाळेतून नाव कमी होणं म्हणजे काय आभाळ कोसळत नाही."

त्यांचा चेहरा पांढरा पडला. मला वाटलं, आता ओरडतील. त्या उठल्या, पिशवी घेतली. "चला," त्या म्हणाल्या. "नऊ घरं आहेत. तुम्ही सांगितलंत, तुम्हीच परत घ्या."

त्या दोन संध्याकाळी मी विसरणार नाही. प्रत्येक दारात त्या मागं उभ्या राहायच्या आणि मी बोलायचं. छायाची आई भाकरी थापत होती. मी म्हणालो, "मावशी, मी खोटं बोललो. तो फॉर्म छायाला शाळेबाहेर काढायचा होता." तिचे पिठाचे हात थांबले. ती माझ्याकडं न बघता बाईंकडं बघून म्हणाली, "व्हय का? आन् मी आख्ख्या वस्तीला सांगितलं, माझ्या पोरीला शाळंनं येगळा फारम दिला म्हून." छाया आत चुलीपाशी होती. ती बाहेर आली नाही. सकाळी त्यांनी लाल रेघांच्या खाली ती नऊ नावं स्वतःच्या अक्षरात पुन्हा लिहिली.

आबा शाळेत आले. "बाई, निकाल पडला तर खुर्ची सोडावी लागंल तुमाला. मला कमिटीला त्वांड दावायचंय."

"सोडीन की, आबा," बाई म्हणाल्या. "पण परीक्षेला सगळी बसतील. शाळेतून."

निकाल पडला. नवांपैकी पाच पास झाली, चार नापास. त्यांत छायाही होती. बाईंनी स्वतःहून मुख्याध्यापकपदाचा राजीनामा लिहून दिला आणि कमिटीनं तो ठेवून घेतला. दुसरे एक गृहस्थ प्रभारी आले. जून महिन्यात वर्गात पोरं कमी दिसायला लागली. मला वाटलं, बाई आता बदली मागतील, रजेवर जातील. त्या पहिल्या दिवशी वेळेवर आल्या आणि 'दहावी ब'च्या वर्गात गेल्या. शाळा सुटल्यावर नापास झालेल्या चौघांना बोलावून रोज तास घ्यायच्या. तिसऱ्या दिवशी मी खडू घेऊन त्या वर्गात गेलो. "गणित कुणी घ्यायचं?" मी विचारलं. त्या बाजूला सरकल्या. माफी मी मागितली नाही, त्यांनी मागायला लावली नाही. त्या ऑक्टोबरच्या परीक्षेत चौघांपैकी तिघं सुटली. छाया सुटली. तिची आई शाळेच्या फाटकाशी आली, आत यायला तयार होईना. बाईंच्या हातात तिनं पदरातली चार अंडी ठेवली आणि गेली.

पुढच्या वर्षी आबा कन्हेरीला बाईंच्या घरी गेले. मला ते अण्णांनी सांगितलं. आबांची नात त्या शंभर टक्केवाल्या शाळेत नववीत होती. तिच्या हातात तिथल्या लोकांनी दाखला ठेवला होता, दहावीला ही झेपायची नाही म्हणून. आबा ओसरीवर बसले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि म्हणाले, "बाई, माझ्या नातीला घ्याल का तुमच्या वर्गात?" बाई म्हणाल्या, "असं विचारायचं असतं का, आबा? सोमवारी पाठवा." त्याच महिन्यात कमिटीनं त्यांना पुन्हा मुख्याध्यापक केलं.

शाळा हळूहळू भरली. शंभर टक्के निकाल आमचा एकदाही लागला नाही. पण दूरदूरच्या वस्त्यांवरून मुली यायला लागल्या, कारण आयांना कळलं होतं की इथून पोरगी परत पाठवत नाहीत. दोन वर्षांपूर्वी इंदापूरला मुख्याध्यापकांच्या सभेत बाईंना यशस्वी शाळा कशी चालवावी यावर बोलायला उभं केलं. बाकीचे अर्धा अर्धा तास बोलले होते. बाई दोन मिनिटं बोलल्या. "मला फार काही सांगता येणार नाही," त्या म्हणाल्या. "आपल्या शाळेत सगळ्यांना नकोसं झालेलं मूल कोणतं, त्याचं नाव मुख्याध्यापकाला रोज सकाळी माहीत पाहिजे. बाकी शाळा शिक्षक चालवतात." लोकांना वाटलं अजून काही आहे. त्या खाली बसल्या होत्या. बसमध्ये मी म्हणालो, "बाई, जरा सविस्तर तरी बोलायचं." त्या म्हणाल्या, "एवढंच येतं मला." मला तो विनय वाटला.

बाईंच्या जलदान विधीला, त्यांच्याकडच्या दिवसकार्याला, कन्हेरीला गेलो. धम्मवंदना झाली, चारदोन जण बोलले, मीही काहीतरी बोललो. माणसं जेवायला बसल्यावर अण्णा माझ्याशेजारी येऊन टेकले. म्हणाले, "सर, सिंधूचं कदी बोलली का तुमच्यापाशी?" मी म्हणालो, "कोण सिंधू?"

"आमची धाकटी. कौसल्येहून दोन वर्सांनी ल्हान." अण्णा हळू बोलत होते, पाणी शेंदावं तसं. सिंधू अभ्यासात कच्ची होती. दोघी बहिणी एकाच शाळेत. कौसल्या वर्गात पहिली, सिंधू आठवीत दोनदा नापास. तेव्हाच्या हेडमास्तरांनी सिंधूचं नाव पटावरून काढलं आणि दाखला घरी न्यायला कौसल्येच्याच हातात दिला. "वडील म्हनले, शाळा न्हाय तर घरात ठिवून काय करायचं. दोन म्हैन्यांत लगीन लावलं. सोळाव्या वर्सी पयल्या बाळंतपणात गेली, सर. बाळबी गेलं." अण्णांनी माझ्या पानाकडं बघितलं. "जेवा तुमी. कौसल्या कुनापाशी बोलायची न्हाय. पर जाईस्तवर म्हनायची, दाखला मीच आनून दिला, अण्णा. मी वाटंत टाकून का न्हाय दिला?"

घास माझ्या हातात होता. तो मी पानात परत ठेवला असावा. शाळेतून नाव कमी होणं म्हणजे काय आभाळ कोसळत नाही… हे मी त्या बाईला म्हणालो होतो, तिच्यासमोर उभं राहून, आणि ती माझ्या अंगावर धावून आली नव्हती. तिनं पिशवी उचलली होती आणि मला नऊ घरं हिंडवलं होतं. चार वर्षं त्यानंतर ती रोज माझ्या शेजारी बसून आली. एका शब्दानं बोलली असती तर मी तेव्हाच तिच्या पाया पडलो असतो. आता कुणाच्या पडू? अण्णांना मी ते सगळं तिथंच सांगून टाकलं. ते म्हणाले, "तिला ठाव हुतं, तुमाला ठाव न्हाय म्हून. चुकलेल्या मानसाला ती कवा लागून बोलली न्हाय." आणि ते पंगतीत वाढायला गेले.

गेल्या आठवड्यात कमिटीनं मुख्याध्यापकाचा पदभार माझ्याकडं दिला. मी बाईंच्या खोलीत गेलो, तर खोली ओळखू येईना. शिपायानं झाडून पुसून टेबल मधोमध घेतलं होतं, पलीकडं माझी खुर्ची, अलीकडं एक स्टूल. सगळ्या ऑफिसांत असतं तसं. बाईंनी टेबल कायम भिंतीला लावून ठेवलेलं असे. त्या फक्त लिहायला भिंतीकडं तोंड करत, आणि कुणी आलं की खुर्ची वळवून त्याच्या समोर बसत. गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या जवळ, मध्ये काही नाही. मला ते नेहमी गबाळं वाटायचं. मी टेबलामागं बसलो. नव्या किल्ल्या कुठल्या कुठल्या आहेत ते बघत होतो.

दारात एक माणूस येऊन उभा राहिला. चपला बाहेर काढलेल्या. मागं तेराचौदा वर्षांची मुलगी, तिच्या हातात घडी केलेला कागद. "साहेब, तिकडल्या शाळेनं हिला दाखला दिलाय," तो म्हणाला. "साल सुरू हून अडीच म्हैनं झालं. आता कुनी घिना. हितं बाई हुत्या म्हनं, त्यांना भेटायचं हुतं."

मी सांगितलं, बाई गेल्या. मुलीनं कागद बापाच्या हातात दिला आणि दाराकडं वळली. तो टेबलाच्या पलीकडं उभा, मी अलीकडं, आणि त्याला स्टुलावर बस म्हणायलासुद्धा माझी जीभ उचलेना. मग मी उठलो. "एक काम करा," मी म्हणालो, "जरा त्या बाजूनं धरा." त्याला कळेना. तरी त्यानं धरलं. लाकडी टेबल जड होतं. मुलगीही हात लावायला पुढं आली. आम्ही तिघांनी ते फरफटत भिंतीपाशी नेलं. शहाबादी फरशीवर चार पायांचे चार डाग पडलेले होते, इतक्या वर्षांचे, गडद. टेबल त्या डागांवर नेमकं बसलं.

मी बाईंची खुर्ची वळवली, कोपऱ्यातली दुसरी बापासाठी ओढली, आणि मुलीला स्टुलावर बसवलं. आमचे गुडघे एकमेकांना लागत होते. मला काय बोलायचं ते ठाऊक नव्हतं. बाई अशा वेळी काय बोलायच्या, ते मी सात वर्षांत कधी ऐकलं नव्हतं. मी नेहमी बाहेर व्हरांड्यात असायचो.

"नाव काय बाळ तुझं?" मी विचारलं.

तिनं सांगितलं. इतकं हळू की मला आणखी पुढं वाकावं लागलं.